पारबताला उभं करायचं

२१ मार्च
आज पारबताच्या थोबाडीत मारली. धाकटी जाऊ माझी. ती छप्पन, मी चौसष्ट. या वयात शोभत नाही, पण मारली.
मोहफुलं वेचून झाली, सगळ्या निघाल्या, माझे गुडघे धरलेले. झाडाला धरून उठेपर्यंत वेळ गेला. पा. सगळ्या बायांसमोर म्हणाली, "बाईले घरी ठेवा आता. उठवाले क्रेन लागते." सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझा हात उठला. तिची टोपली उलटली, फुलं मातीत.
अंगणवाडीत तीस वर्षं जमिनीवर बसले-उठले, तेव्हा गुडघे कुठे आहेत हे माहीतही नव्हतं. रिटायर झाल्यावर मुलानं प्लास्टिकची खुर्ची आणली आणि टीव्ही. चार वर्षांत ही गत.
तिला नवरा मारायचा तेव्हा मीच मध्ये पडायचे. आज मीच मारलं.

२३ मार्च
अबोला. माफी मी मागायला हवी हे कळतं. पण क्रेन म्हणाली ती. आधी तिनं बोलावं.

२६ मार्च
पा.ला वाघानं धरलं. जिवंत आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. माझ्या लुगड्यावर तिचं रक्त. धुवायला टाकलेलं नाही अजून.

२८ मार्च
नीट लिहून ठेवते. बाहेर सगळे वेगळंच सांगत आहेत.
आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली. आपापल्या झाडाखाली आपण वेचायचं. म्हणून बाया एकमेकींना दिसत नाहीत, मध्ये झुडपं. मग थोड्या थोड्या वेळानं एकीनं 'हूऽ' करायचं, बाकीच्यांनी 'हूऽ' द्यायचं. ज्या बाईचं 'हूऽ' आलं नाही तिच्याकडे जवळचीनं जाऊन पाहायचं. आईच्या वेळेपासून असंच.
माझ्या झाडाजवळचं झाड पा.चं. ऊन वर आलं होतं. तिनं आवाज दिला, "हूऽ, बाई!" मलाच हाक मारून, तिची 'बाई' मीच. अबोला तिनंच मोडला. मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि मनात म्हटलं, ओरड अजून.
दुसऱ्यांदा दिला. मी फुलं वेचत राहिले. ओठ आवळून.
मग ती मला पाहायला आली. झुडपातून डोकं बाहेर काढलं, मला पाहिलं, हसली की काय ते नक्की सांगता येत नाही. बाजूनं पिवळं काहीतरी आलं आणि ती खाली. मांडीला धरलं होतं. आवाज नाही, फक्त कापड फाटल्यासारखं. मग ती ओरडली.
मी उठू शकले नाही. हे लिहिलंच पाहिजे. पाच-सहा हातांवर माझी जाऊ आणि माझे पाय उठेनात. रांगत गेले. काठी होती, रांगत रांगतच त्याच्या तोंडावर हाणली. एक, दोन, मग मोजलं नाही. नाकावर बसली असावी. त्यानं तिला सोडून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा वास आला. तेवढ्यात बाकीच्या बाया ओरडत आल्या, डबे बडवत. गेला.

३० मार्च
काल गावकऱ्यांनी जंगलखात्याच्या जीपच्या काचा फोडल्या. ड्रायव्हरला खाली ओढून तुडवलं. कपाळ फुटलं त्याचं. त्यानं काय केलं होतं? काही नाही. मीही एक दगड मारला. लागला नाही. लागायला हवा होता असं तेव्हा वाटलं, आज लाज वाटते.

३ एप्रिल
ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार. शाल, नारळ, हार. "वाघाला पळवणारी आमची विमलबाई." फोटो काढले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर ठेवून घरी आले आणि पेटीच्या तळाशी कोंबली.

९ एप्रिल
पा.ला घरी आणली. उजव्या मांडीचा लचका गेला, हाड शाबूत. टाके पाहवत नाहीत. दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईनं मला बाजूला घेऊन बजावलं: पडून राहिल्या तर पाय कायमचा आखडेल. रोज उठवा. खाटेच्या कडेला बसवायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईस्तोवर पुढे वाकवायचं, मग उठवायचं. हातांचा आधार हळूहळू काढायचा. सगळं वहीत लिहून घेतलं.
जाता जाता ताईनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुमच्यापण मांड्या वाळल्या. तुमीपण करा सोबत."

११ एप्रिल
उठवलं. किंचाळली. पा.चा मुलगा सुधाकर धावत आला. "मोठी माय, राहू दे ना तिले! खाटेजवळच संडासची खुर्ची आणतो. किती हाल करतं?"
चांगला पोरगा आहे. आईला जन्मभर खाटेवर ठेवेल इतका चांगला. त्याला दाराबाहेर ढकललं, कडी लावली.
"काऊन मारून राह्यली मले, बाई?"
"उठ."
"मरू दे मले."
"मेल्यावर पडूनच राहा लागते. आता उठ."
तीनदा उठली, माझ्या गळ्याला लटकून. माझे गुडघे कडकड वाजले. दोघी घामाघूम.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. आमच्या गल्लीत डीजे आला आणि पा. खाटेवर थरथरायला लागली. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दचकायची. मग माझा हात चावली. खरंच चावली, रक्त आलं. मी हात काढला नाही.
वाघ गेला नाही तिच्यातून.

१९ एप्रिल
आज ताईनं सांगितलेलं मी स्वतः केलं, घरी, एकटी. खाटेवरून दहा वेळा, हात छातीवर बांधून. सातव्याला मांड्या पेटल्या. मग तांदळाच्या पोत्यावरून, ते खाटेहून बुटकं. चार वेळा जमलं, पाचव्याला पोत्यावरच आपटले.
खुर्ची मुलाच्या खोलीत टाकली. जेवायला आता पाट. "आई, गुडघे दुखतील," म्हणाला. दुखू देत. तसे न वापरल्यानंही दुखतच होते.

२४ एप्रिल
गल्लीतल्या पाच बाया संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर जमतात. पायरीवर बसायचं-उठायचं, भिंतीला धरून टाचा वर. त्या दिवशी फिदीफिदी हसणाऱ्याच ह्या. वाघानं अक्कल शिकवली म्हणतात. आज एकीचा नवरा येऊन ओरडला, "म्हातारपणी डान्स चालू केला काय?" तिनं चप्पल फेकून मारली. नेम चांगला आहे तिचा.
पा. भिंतीला धरून चार पावलं. शिव्या इतक्या दिल्या की माझ्या बापाचाही उद्धार झाला.

२९ एप्रिल
तिला अजून एकटीनं उठता येत नाही. आधार काढला की बसून घेते. ताकद आली आहे, मी हात लावून पाहते, मांडी घट्ट लागते आता. पण उजव्या पायावर भार टाकायलाच तयार नाही. फोनवर ताई म्हणाली, भीती आहे, निघाली नाही तर लंगड्याच राहतील.
सुधाकरनं संडासची खुर्ची आणलीच.

२ मे
सांगितलं.
मी तिच्या मांडीला तेल लावत होते. ती आढ्याकडे पाहत म्हणाली, "तुमी नसता तं मी गेली असती, बाई. आपल्या पोरीलेबी सांगतली मी. मोठ्या बाईनं जीव देल्ला मले."
रोज कोणी ना कोणी हेच म्हणतं, मी गिळते. तिच्या तोंडून नाही गिळता आलं.
"तुया आवाज मी आयकला होता. दोन्ही खेपा. मुद्दाम बोलली नाई."
कळायला तिला वेळ लागला. मग डोळे माझ्यावर आले. इतकी वर्षं ओळखते, हे डोळे पाहिले नव्हते.
ती उठली. भिंत नाही, खाटेची कड नाही, माझा गळा नाही. नाक पुढे, पाय जमिनीवर, सरळ उभी. कोपऱ्यातली काठी घेतली आणि माझ्या खांद्यावर घातली. मग पाठीवर. मग हातावर, तोच हात, चावलेला. मी डोकं तेवढं झाकलं.
आणि मार खाताना मी काय पाहत होते? तिचा उजवा पाय. पूर्ण भार त्याच्यावर. काठी उचलताना वळत होती त्याच्यावर. मला रडू येत होतं, आनंदानं की मारानं, दोन्हीनं.
चौथ्या की पाचव्या घावाला ती खाटेवर कोसळली. "जाय," एवढंच म्हणाली.

३ मे
खांदा काळानिळा. सुधाकरला सांगितलं, पायरीवरून पडले.
सकाळी तिच्या दाराशी गेले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उंबऱ्यातच बसले. बऱ्याच वेळानं तिनं पाय खाली सोडले आणि उठली-बसली. दहा वेळा. माझ्याकडे न बघता. दात आवळून, जणू प्रत्येक वेळी मलाच मारते आहे.

१० मे
तेच. मी उंबऱ्यात, ती आत. खाटेवरून पोत्यावर आली, आज पाटावरून उठली. एक शब्द नाही. कोणी तिसरी बाई आली तर तिच्याशी बोलते, हसतेसुद्धा.
आता कळलं तिचे ते पाच दिवस कसे गेले असतील.

१६ मे
तेंदूपत्ता सुरू. मी गेले. दिवसभर वाकून पानं तोडली, दुपारी खाली बसून पानांचे पुडके बांधले, एकदाही कोणाचा हात धरला नाही. त्याच भागात काल परत पाऊलखुणा दिसल्या म्हणतात. पिंजरा लावलाय, आत बकरी बांधलेली. दिवसभर तिचं ओरडणं ऐकू येत होतं. चीड आली त्या बकरीची. मग पिंजरा लावणाऱ्यांची. मग माझी.
घरी आल्यावर पा.कडे. उंबऱ्यातून सांगितलं, "एकटी उठली बसली आज दिवसभर." तिनं ताट सरकवलं, भिंतीवर आपटलं.

२१ मे
तिची मुलगी कुरखेड्याहून आली, आईला न्यायला. सुधाकरनं जीप सांगितली होती. मुलगी मला बिलगून रडली, "मोठी माय, तुज्यामुळे माय हाये." पा. ओसरीत उभी राहून ऐकत होती. म्हणजे मुलीला सांगितलं नाही तिनं. कोणालाच नाही.
मी ताईचे व्यायाम कागदावर उतरवून आणले होते, ठळक अक्षरात, किती वेळा, कशावरून. मुलीच्या हातात दिला. पा.नं तो ओढून घेतला आणि टराटरा फाडला.
"मले पाठ हाये," मुलीला म्हणाली.
जीपची पायरी उंच. सुधाकर पुढे झाला, ड्रायव्हर झाला. "कोनी हात नोका लावू." दांड्याला धरलं, उजवा पाय वर टाकला, त्याच पायावर अंग उचललं आणि आत. एका दमात. गल्लीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.
गाडी वळेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.
मुलगी म्हणत होती, घर ओळखायला सोपं आहे, भातगिरणीच्या मागे. कुरखेड्याला जायला सकाळी एक बस आहे. एकटीनं चढता येईल मला, आता येईल. जीव तुटतो तिच्यासाठी, हे लिहायला कसली लाज. पण दारात पाहून तिनं काठी उचलली तर मुलीला काय सांगू. आणि नाही उचलली, नुसती भिंतीकडे वळली, तर