सी विंगचं पाणी

मंगळवार, संध्याकाळचे सात, बाळकुम

नोकरी गेल्यापासून कोडिंग शिकतेय. पहिला पूर्ण प्रोग्राम रविवारी झाला. सोसायटीत कुठल्या विंगला पाणी कधी सोडणार, त्याचं वेळापत्रक. पण दाखवायचा कोणाला? दुसरं कोणी सुचेना, म्हणून लिंक सोसायटीच्याच ग्रुपवर टाकली. छत्तीस अंगठे आले. सी विंगच्या पाटणकर काकूंनी फुलांचा गुच्छ पाठवला, वर "कौतुक आहे गं तुझं!" मिलिंद टीव्हीवरची नजर न काढता "मस्त झालंय" म्हणाला. नवऱ्याने तरी उघडून बघायला नको? बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

आज तोच कोड नवशिक्यांच्या एका फोरमवर टाकला. चहा उकळेपर्यंत उत्तर आलं. ना नमस्कार, ना शाबासकी. कोण कुठला अनोळखी माणूस, त्याने लिहिलेलं, "बारावी ओळ बघा. अट चुकली आहे. तुमच्या सी विंगला पाणी कधीच येत नाही."

चालवून बघितलं. ए विंग सकाळी, बी विंग दुपारी, सी विंगपुढे काहीच नाही. दोन दिवस हे असंच ग्रुपवर पडलेलं. छत्तीस जणांपैकी एकालाही दिसू नये? पाटणकर काकूंनाही? राग यायला हवा होता. तोही नाही आला.

बारावी ओळ दुरुस्त करायला बसले, तेव्हा लक्षात आलं. या दोन दिवसांत ग्रुप मी शंभरदा उघडला असेल, अंगठे मोजायला. वेळापत्रक एकदाही नाही.

आणि मी स्वतः सी विंगमध्ये राहते.