वाइआऊ तळ्याचं पाणी

३ मार्च
मौना केआ डोंगरावर नोकरीला लागलो! साखर कारखाना बंद पडल्यापासून खाली हिलो गावात नुसता बसून होतो; या वयात दुर्बिणीच्या घुमटात काचसामान धुवायचं काम मिळालं. डब्यात भात आणि स्पॅम, म्हणजे डबाबंद मांस होतं, थंडीत फार गोड लागलं. इथे भर दिवसाही काम चालतं, कारण इथली शास्त्रज्ञ, डॉक्टर बेटिना, डोळ्यांना दिसणारा उजेड पाहतच नाही, अवरक्त किरण पाहते. त्यातून मंगळावरच्या वाफेत हलकं पाणी किती आणि जड किती ते तिला कळतं. हलकं अंतराळात उडून जातं, जड मागे उरतं. मी म्हटलं, म्हणजे उसाचा रस आटवला की काकवी उरते तसंच की! ती हसली, म्हणाली, अंकल फेलिनो, उद्यापासून तुम्हीच शिकवा, मी बश्या विसळते.

६ मार्च
मंगळाची वाफ आणि आपली वाफ यांत गल्लत होऊ नये म्हणून बेटिना किरणांच्या वाटेत आपल्या पाण्याची वाफ भरलेली काचनळी ठेवते. त्यासाठीची शुद्ध पाण्याची बाटली आज माझ्या हातून फुटली. नोकरी जाईल या धास्तीने मी शिखराजवळच्या वाइआऊ तळ्यातून दुसरी भरून आणली आणि गुपचूप ठेवून दिली. या तळ्यात इथली माणसं बाळांच्या नाळा सोडतात. माझी नात कालेआ, तिचीही गेल्या महिन्यात जावयाच्या घरच्यांनी सोडली. पण मी पलीकडच्या काठाचं पाणी घेतलं. पाणी ते पाणी.

९ मार्च
नळीत पाणी आटवतात, पंप वाफ ओढून घेतो, तळाचा गाळ मी धुतो. आज गाळ शेंबडासारखा लोंबत होता. वास कोंबडीच्या आतड्यांचा. हात घासघासून धुतले, तरी भाताचा घास तोंडाशी नेला की तोच वास. टाकून दिला.
मुलीचा, नेनिताचा फोन आला. कालेआ दूध ओढत नाही. तिची लाळ डिंकासारखी ताणली जाते म्हणे.

११ मार्च
गाळात एक धागा आहे. पांढरट, गाठीगाठींचा, आणि कोमट. बोट लावलं तर त्याने चोखलं. मी मोरीत ओकलो.
बेटिना खूश. म्हणते, हे पाणी मंगळाच्या पाण्यापेक्षा जड आहे, असं पृथ्वीवर असूच शकत नाही, उद्या पुन्हा आटवू.
पंप चालू होता तेव्हाच कालेआचे ओठ एकमेकांना चिकटले. नेनिताने ओल्या फडक्याने सोडवले. साल निघून आलं —

१२ मार्च
सगळं कबूल केलं. बेटिना म्हणाली, अंकल, शेवाळाला नात म्हणू नका, झोप काढा.
विहीणबाई हाउनानींनी फोनवर सोलून काढलं. म्हाताऱ्या, पलीकडचा काठ म्हणे! तळ्याला काठ असतील दहा, पोट एकच असतं. जिथून नेलंस तिथेच नेऊन घाल, नाहीतर माझ्या दारात तोंड दाखवू नकोस.
कालेआला रडता येत नाही. नुसतं तोंड उघडते.

१३ मार्च, दुपार
नळी उचलून पळालो. तळ्याकाठी बसलोय. गाळ पाण्यात ओतला, पण धागा डाव्या बोटाला — सुटत नाही. ओढला तर माझीच कातडी ताणते. त्याचं टोक नखाखाली गेलंय. आत वळवळतंय.
पाणी दाट आहे. वर साय. खाली तसलेच धागे, कितीतरी, तोंडं वर करून.
हात बुडवला. नेनिताचा फोन — बाळाच्या डोळ्यात पाणी आलं!

हात बाहेर काढला. फोनवर किंकाळी. नेनिताची.
पुन्हा बुडवला. कोपरापर्यंत. मनगट चोखतायत, मऊ, बोळक्या हिरड्यांनी. शिसारी — पण बाळ दूध ओढतंय.

खांद्यापर्यंत. वही गुडघ्यावर. कालेआ हसली, नेनिता म्हणते. पण बाळाची बोटं अजून गार आहेत म्हणते.
अजून थोडं हवंय त्यांना. मान वाकवली की —
वास. ओठांना लागलं. कोमट, तोंडात —