पुनर्विवाह न केल्याचा दाखला

माननीय साहेब,

माझे पती शहीद झाले त्याला सहा वर्षं झाली. वीरपत्नीला नोकरीत प्राधान्य म्हणून तुम्ही दरवर्षी पुनर्विवाह न केल्याचा दाखला मागितलात, मी दरवर्षी फादरांच्या सहीचा आणून दिला. नोकरी दिली नाहीत.

काल दिलीत! वर पुन्हा ताजा दाखला मागितलात. खरं कळवलं तर नाव आजच कापाल, म्हणून हे पत्र घरातच राहील.

अहो, आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये जाहीर करतात. परवाच्या रविवारी माझं आणि गिरीज गावच्या रेमंडचं नाव वाचलं. ‘कुणाची हरकत असेल तर सांगा,’ फादरांनी विचारलं. आमचं अख्खं वटार गाव गप्प. माझ्या सासूबाईसुद्धा गप्प बसल्या होत्या, माझा हात धरून.

हरकत निघाली ती एकट्या तुमच्या फॉर्माची.

आणखी दोन रविवार तुमच्या यादीतली,
फिलोमिना