टिटवी सकाळीच झाली होती

रविवार, संध्याकाळ. शिराळा.

विक्रम झाला. एका दिवसात सगळ्यांत जास्त जातींचे पक्षी मी पाहिले. पण डोळ्यांपुढून ते चार दगड हलत नाहीत. शेतमालक तात्यांनी टिटवीच्या अंड्यांभोवती मांडलेले. नांगरसुद्धा तेवढी जागा सोडून फिरवलेला.

शेवटच्या पक्ष्यामागं मी त्या दगडांमधूनच पळालो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मी वर पाहिलंही नाही. यादीत टिटवी सकाळीच झाली होती ना! बुटाला बलक लागला. तो पुसायच्या आधी मी पक्षी लिहिला. हो, आधी लिहिला.

तात्या चिडले असते तर बरं झालं असतं. दगड गोळा करत एवढंच म्हणाले, "आवं, तुमाला पाखरं कळत्यात न्हवं? मग ती काय म्हनत हुती?"