शिवकन्येचा अंतरपाट

२ एप्रिल १९९४, पहाटे
आजपासून किराणा दुकानात बसणार नाही. चिरंजीव सांभाळतात, सांभाळू देत. या वयात माणसानं आपल्या कलेकडं बघावं. रद्दीत एक इंग्रजी मासिक आलं होतं. परदेशात नुसते चौकोन-त्रिकोण काढून लोक मोठे झालेत! मी तर जन्मभर साखरेच्या पुड्या बांधल्या. त्रिकोण माझ्या बोटांत आहे.

५ एप्रिल
उमाबाईला नवं चित्र दाखवलं. तीन चौकोन, एक आडवी रेघ. म्हणाली, "खिडकी हाय का?" नाही म्हटलं. "मग रेघ कावून ओढली?" बायकोचा दोष नाही. नव्या कलेला वेळ लागतो. संध्याकाळी ते चित्र लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून दिसलं. पुठ्ठा मजबूत आहे, एवढं सिद्ध झालं.

११ एप्रिल
नात शिवकन्येचं लग्न पुढच्या महिन्यात, इथंच शिरूरला दारात मांडव घालून. मुलगा चकलांब्याचा, श्रीशैल. कापड दुकानवाले. अंतरपाट मी करतो म्हणून सांगून टाकलं. नवरा-नवरीच्या मधे धरायचं कापड, सगळ्या मांडवाची नजर त्यावर! मुंबईच्या गॅलरीत तरी एवढी माणसं येतात का?
शिवकन्या सगळ्यांदेखत हसली. मग एकट्यात जवळ आली. "आप्पा, कुंकवाचं एक स्वस्तिक काढा, बस. सासूबाई लई कडक हायत. तिथं मला नांदायचंय." शब्द दिला. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून दिला.

२० एप्रिल
स्वस्तिक म्हणजे तरी काय? रेघा आणि काटकोन. काटकोन जरा वाढवले तर शब्द मोडत नाही. मधे तांबडा चौकोन, वर निळा त्रिकोण. ऑइलपेंट.
मोडत नाही.

२७ एप्रिल
कापडाची घडी घातली की रंगाला तडे जातात. उपाय सापडला. घरातलं घाण्याचं करडीचं तेल वाटीभर रंगात मिसळलं. कापड कसं लवचीक झालं! हे इंग्रजी मासिकातसुद्धा नाही. तेल कमी झालं म्हणून उमाबाई सुनेला बोलली. कलेत काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात. रात्री भाकर गोड लागली नाही.

८ मे
बोट लावून पाहिलं. चिकट आहे. वाळेल. ऊन तर असं पडलंय की पापड टाकले की उचलावे लागतात. शिवकन्येनं विचारलं, "आप्पा, स्वस्तिक झालं का?" झालं म्हटलं. तिनं बघायला मागितलं नाही. मागितलं असतं तर दाखवलं असतं.

१२ मे
लग्न लागलं. मुहूर्तावर लागलं, हे महत्त्वाचं.
तिचा मामा उत्तरेश्वर आणि जंगम स्वामी, दोघांनी अंतरपाट धरला होता. मंगलाष्टकं चालू असताना वारा सुटला. कापड फुगलं आणि नवरदेवाला तोंडापासून पोटापर्यंत चिकटलं. स्वामींनी ओढून काढलं, तर श्रीशैलच्या गालावर निळा त्रिकोण, पांढऱ्या सफारीवर तांबडा चौकोन. कोपरे स्वच्छ उठले होते म्हणतात. मांडव हसला. भामाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, हसल्या नाहीत.
हल्ली घाणेवाले तेलात भेसळ करतात.
मी तातडीनं रंग पुसायला घासलेट आणायला गेलो. कुणीतरी जायलाच हवं होतं. मिळायला वेळ लागला. पंगती उठेपर्यंत लागला.

२६ मे
लग्नाची कॅसेट आली. भाड्याचा व्हीसीआर, ओटा भरून गल्ली. चिकटण्याची जागा सगळ्यांनी पुन्हा पुन्हा मागं नेऊन पाहिली. मीपण हसलो. गल्लीत कलेबद्दल एवढी ओढ कधी दिसली नव्हती.
मग शेजारच्या बंकटनं ओरडून थांबवायला लावलं. वारा सुटतो, कापड अजून चिकटायचंय, आणि एक पांढरी टोपी मांडवाच्या मागून वाकून निघून जाते. "ही टोपी कुणाची बे?" बंकट म्हणाला. उमाबाई माझ्या डोक्याकडं बघत होती.
कॅसेट पुढं गेली. भामाबाईंचा आवाज: "कुणाचा हा आगाऊपणा?" आणि शिवकन्या, मुंडावळ्या सावरत: "माझा. मीच आप्पाला सांगितलं रंगवायला."
बोलताना ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

२७ मे
उद्या चकलांब्याला जाणार. सगळं सांगणार. ठरलं.

२८ मे
बसला गर्दी होती.

३१ मे
पोट बरं नाही. उमाबाई म्हणाली, "पोटाला कशाला नाव ठेवता?"

४ जून
गेलो.
भामाबाईंसमोर उभं राहून सांगितलं. रंग माझा, तेल माझं, मोडलेला शब्दही माझा. लेकराला बोल लावू नका. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घासलेट तुमी आमच्याच टेंपोवाल्याला मागितलंत की, आप्पा. आमाला तवाच कळलं."
मग पोरीला का बोलता, विचारलं.
"तिला कोन बोलतंय? तुमी कवा येता, तेवढंच बघत होतो."
शिवकन्येनं चहा आणला. बशी धरून, पाहुण्याला देतात तसा. "बसनं आलात?" विचारलं. हो म्हटलं. पाया पडून आत गेली.
मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. आत त्यांच्या बैठकीच्या भिंतीसाठी नवं चित्र होतं, पाच चौकोनांचं. निघताना भामाबाईंनी विचारलं, पिशवीत काय आणलंत?
काही नाही म्हटलं. पोटाचं औषध.