रस्त्याकडचे दार

रविवार, ता. ४ फेब्रुवारी १९३४

क्षमा असावी — गावच्या कारभारावर मी लिहावे हे धाडसच. सभेस बायकांना बोलावणे नव्हते. परंतु सभा आमच्याच ओसरीवर, आणि मी दाराआड. कान कोठे ठेवावेत?

चौलच्या रस्त्यावर खडी पडणार. तालुक्याच्या साहेबांनी वाचून दाखविले: खर्चासाठी पट्टी — आजच्या तारखेस रस्त्याकडे जितकी दारे, तितक्यांवर! शेजारचे जलीलशेठ उसळले, "दारं कसली मोजता? रस्ता खटारे उखडतात. खटारे मोजा!" मासळीवाली भागुबाई अंगणातूनच ओरडली, "माझ्या झोपडीला दार न्हाय, गोणपाट हाय. त्याची काय पट्टी घेशीला, सायेब?" सारे हसले. पट्टी मात्र ठरली.

माझे वडील, अप्पा, हसले नाहीत.

ता. ७

अप्पांनी अंगणाच्या गडग्यातले, रस्त्याकडचे दार चिरे लावून बुजविले! वर चुना फासला. "दार नाही, पट्टी नाही. आपण मागून, वाडीतून येऊ-जाऊ." दोनदा बाहेर जाऊन भिंत पाहून आले — इतके खूष!

ता. ८

मुनिरा कशी येणार? जलीलशेठची ही मुलगी रोज दुपारी ओसरीवर माझ्यापाशी शिकते. मार्चअखेर तिची फायनलची परीक्षा. एकदाच बसू देईन, असे जलीलशेठनी तिला बजावले आहे. आणि मागची वाट आमच्या विहिरीवरून!

"मुसलमानाची मुलगी विहिरीवरून?" अप्पा म्हणाले. "आणि तूही त्यांच्या घरी जायचे नाहीस."

ओसरीवर चालते, विहिरीवर नाही! मी फायनलला जिल्ह्यात पहिली आले. तरी अप्पांपुढे मान डोलावून आत गेले.

ता. १२

मुनिरा गडग्याबाहेरून उत्तरे ओरडते, आतून मी चुका सांगते. आज भागोजी खटारेवाला बैल थांबवून म्हणाला, "पोरी, भागाकार चुकलाय तुझा!" रस्ताभर हशा.

संध्याकाळी जलीलशेठ भिंतीपलीकडूनच बोलले. "नीराबेटी, तुझे उपकार आहेत. पण माझी पोर भररस्त्यात उभी राहून शिकणार नाही."

त्यांचे काय चुकले? लाज आम्हांला वाटावयास हवी!

ता. १९

दुपार. ओसरी. कोणी नाही.

ता. २४

मोजणीस नवाच कारकून आला. आमच्या नावापुढे त्याने लिहिले — दार नाही. अप्पांनी त्याला पानसुपारी दिली! तो गेल्यावर म्हणाले, "पट्टी बसली असती, तर आजच्या आज दार पुन्हा फोडले असते. पैसे भरून वर परसातून यायला मी काय खुळा आहे?"

हरकती महिनाअखेरपर्यंत मामलेदारांकडे लेखी द्याव्यात, असे कारकून सांगून गेला.

'पट्टी बसली असती, तर...' — अप्पांचे ते वाक्य मनातून जात नाही.

ता. २६

मामलेदारांस अर्ज लिहिला — "सभेच्या दिवशी आमच्या घरास रस्त्याकडे दार होते. पट्टी चुकविण्यासाठी ते बुजविले आहे. नियमाप्रमाणे पट्टी आकारावी." खाली माझी सही, पूर्ण नावानिशी.

भागुबाईने पाकीट मासळीच्या पाटीत ठेवले. "मासलीचा वास लागंल गो."

"लागू दे."

रेवदंड्याच्या टपालासाठी ती वाडीतून निघाली तेव्हा — सोमवार, ता. २६ फेब्रुवारी १९३४, सकाळचे सव्वाआठ.