भागोजींचा नकार आणि ठमाबाईंची मान

पोलादपूर, १९ जुलै

ती. मुकुलदादास विनीताचा साष्टांग नमस्कार.

तुझं गुडघ्याचं दुखणं आणि वहिनींचं तुझ्याविषयीचं दुखणं, दोन्ही आटोक्यात असावीत. मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

आमच्या शाळेच्या वर, ओढ्यापलीकडे, बावीस घरांची वाडी आहे, आणि वाडीच्या डोक्यावरच्या डोंगराला हात आत जाईल एवढी भेग. पावसाळाभर शाळेत येऊन राहायचं की नाही, यावर पाच बैठका झाल्या. वाडीची रीत अशी, की सगळ्यांनी माना डोलावल्याशिवाय ठराव नाही. (एक बैठक संडासाच्या रांगेवरून मोडली, एक देव खाली कोणी आणायचे यावरून, आणि एक चहात साखर कमी म्हणून.) दरडीखाली गेलेल्या तळीयेचं नाव निघालं, की मात्र सगळे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसायचे.

मार्चमध्ये मी एका प्रशिक्षणाला गेले होते (दोन दिवस, जेवणासह). तिथे शिकवलं, की 'सगळ्यांना पटलं का' असं विचारायचंच नाही. 'कोणाला अजिबात चालणार नाही, आणि का' एवढंच विचारायचं. अडचण असेल ती सोडवायची; बाकीच्यांनी नाखुशीने का होईना, बरोबर यायचं. सहाव्या बैठकीत मी तसं विचारलं. भागोजी उठले. वय सत्तर, विरोध हाच व्यायाम. शाळेच्या गळक्या पत्र्यांपासून माझ्या चपलांपर्यंत पाऊण तास बोलले आणि शेवटी म्हणाले, "मला ह्ये पटत नाय बाई, पटनार बी नाय. पन माझ्यापायी कोन अडकायला नको. येतो मी बी शाळेत."

"आणखी कोणाची हरकत?" मी विचारलं. कोणी बोललं नाही. कोपऱ्यात ठमाबाई होत्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी नुसती मान हलवली. मी वहीत 'संमत' लिहून खाली रेघ मारली. (दोन मारल्या, दादा. एवढा आनंद झाला होता.)

चौथ्या दिवशी सकाळी डोंगर आला. नऊ घरं गेली. सगळे शाळेत होते, एक सोडून. ठमाबाई वर गेल्या होत्या, मागे राहिलेल्या शेळ्यांना पाला घालायला. शेळ्या शाळेत चालतील का, हे त्यांना बैठकीत विचारायचं होतं म्हणे. पण एवढ्या माणसांत शेळ्यांचं काय काढायचं, म्हणून गप्प बसल्या. चालल्या असत्या रे. व्हरांड्यात बांधल्या असत्या.

ठमाबाई त्यानंतर तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखाली सापडल्या. खांदा देऊन आल्यावर भागोजी माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, "तुमी इचारलं, बाई. पन घाईत इचारलं."

वहिनींना नमस्कार, ओजसला आशीर्वाद.

तुझी,
विनीता

ता. क. शाळेत सगळी वाडी राहते आहे आणि सोमवारपासून तिथे वर्ग भरवायचे आहेत. तुडीलच्या वाटेवरची आपली भातगिरणीची शेड उंचावर आहे, आणि आपणा चौघा भावंडांचं एकमत होत नाही म्हणून तीन वर्षं कुलपात आहे. वाडीला राहायला ती दिवाळीपर्यंत हवी. बाकी दोघांची हरकत नाही. तुला हे पटायलाच हवं असं नाही. काय चालणार नाही, तेवढं कळव.

दुसरा ता. क. उत्तर नाही आलं, तर मी त्याला होकार समजणार नाही. रविवारी सकाळी घरी येईन आणि समोर बसून विचारीन. घाई करणार नाही.